खोबणीतलं काहीतरी

जाईने लॅपटॉप पलंगावर उशीला टेकवून ठेवला आणि म्हणाली, "हे बघ आत्याआजी, तुझा जंतू हळद कशी खातो ते."

गंगूताईंनी चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा घातला. पडद्यावर निळ्या तारांची जाळी होती, कांद्याच्या गोणीची असते तशी, आणि त्या जाळीतून करड्या काड्या वाकत, वळत, एकमेकींत शिरत गेल्या होत्या. जंतू कुठे दिसेना. त्याचं तोंडही दिसेना.

"खातो कुठे पण?"

"जंतू नाहीच आहे यात. जंतूच्या पोटातलं एक एन्झाइम आहे. एकच. तू शाळेत शिकवायचीस ना, विकर म्हणून?"

शिकवायच्या तर खरंच. कुरुंद्याच्या कन्याशाळेत एकतीस वर्षं त्यांनी विज्ञान शिकवलं होतं. पुस्तकात विकरांच्या धड्यात कुलूप आणि किल्लीचं चित्र होतं, ते त्या फळ्यावर इतक्या वेळा काढत की शेवटी शेवटी न बघता काढता यायचं. किल्ली कुलपात चपखल बसलेली असे. आता वयाची चौऱ्याहत्तर वर्षं झाली होती, शाळा सुटून सोळा वर्षं झाली होती, आणि पोस्टाच्या मागच्या दोन खोल्यांत पलंगावर बसून त्या पहिल्यांदाच खरं विकर बघत होत्या. त्यात कुलूप कुठलं आणि किल्ली कुठली हे मात्र त्यांना काही केल्या कळेना.

जाई त्यांच्या भावाची, विष्णुपंतांची नात. हैदराबादला एका मोठ्या प्रयोगशाळेत पाच वर्षं संशोधन करत होती. तीन वर्षांपूर्वी तिने फोन केला होता, की हळद शिजवतात तिथली चमचाभर माती पाठव, त्यात काही नवे जंतू सापडतात का बघू. गंगूताईंनी बाटली उकळून घेतली, ज्ञानबाच्या रानात जाऊन माती भरली, आणि नांदेडमार्गे हैदराबादला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हाती दिली. त्या मातीत खरंच एक नवा जंतू निघाला. पुढे जाईने त्याचं एक एन्झाइम निवडलं, त्याचे मिठाच्या कणाहून बारीक स्फटिक केले, आणि त्या स्फटिकांवर क्ष-किरण सोडून त्याची आतली घडण काढली. घडण कळली की काम कसं चालतं तेही कळतं, असं ती म्हणे.

"जाळी म्हणजे क्ष-किरणांनी जे दाखवलं ते," जाई सांगत होती. "काड्या म्हणजे आम्ही त्या जाळीत बसवलेले अणू."

"म्हणजे जाळी आधी, काड्या नंतर."

"अगदी बरोबर. आणि ही इथे खोबणी. एन्झाइमचं सगळं काम या खोबणीत चालतं. हा बघ आत बसलाय हळदीचा पिवळा रंग. कर्क्युमिन."

गंगूताई पुढे वाकल्या. खोबणीत एक पिवळी आकृती होती. दोन टोकांना दोन कडी आणि मध्ये साखळी. एक कडं जाळीत गच्च गुरफटलेलं होतं. दुसरं मात्र थंडीत पांघरुणाबाहेर राहिलेल्या पायासारखं उघडंच होतं.

"या टोकाला जाळी का नाही?"

"ते हलतं. हलणारी वस्तू नीट उमटत नाही."

"म्हणजे दिसत नाही, पण आहे."

"हो."

"कशावरून?"

"अगं, अर्धं दिसतंय ना! उरलेलं अर्धं जाईल कुठे?"

हे गंगूताईंना पटलं. मग घोटभर चहा प्यायल्या आणि पटेनासं झालं. पण पोरगी पाच वर्षं त्यातच आहे, आपण काल परवा चष्म्याचा नंबर बदललेल्या, असं मनाशी म्हणून त्यांनी कप खाली ठेवला.

जाईने पर्समधून एक छापील कागद काढला. सोमवारी तिचा शोधनिबंध जायचा होता. तो छापून आला की डॉक्टरेट हातात. तिच्या मार्गदर्शक मॅडमना त्याआधी मातीची पुरी माहिती हवी होती. कागदावर तीन ओळी होत्या. ठिकाण, तारीख, आणि जागेचा आधीचा वापर. ठिकाण गंगूताईंनी लगेच लिहिलं. तारीख डायरीत बघून लिहिली. तिसऱ्या ओळीवर पेन अडलं.

"आधीचा म्हणजे कधीचा?"

"हळद शिजवण्याच्या आधी तिथे काय होतं. लिही काहीतरी, रान किंवा पडीक."

काहीतरी लिहायची त्यांना सवय नव्हती. "उद्या विचारून येते," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात दारात रामप्रसाद आला. हळद उत्पादकांच्या गटाचा तो अध्यक्ष, आणि रविवारचा जाईचा सत्कार ही त्याचीच कल्पना. त्याच्या काखेत फ्लेक्सची गुंडाळी होती. त्याने ती जमिनीवर उलगडली तेव्हा अर्धा फ्लेक्स पलंगाखाली गेला. एका बाजूला जाई, दुसऱ्या बाजूला तिचं एन्झाइम, लाल-हिरव्या फितींचा गुंता, आणि वर ठळक अक्षरांत, 'हळद खाणारा जंतू पकडणारी कुरुंद्याची लेक'.

"बराबर हाय ना, बाई?"

"माझा हा फोटो कुठून मिळाला?" जाईने विचारलं.

"व्हाट्सॅपवरून. तुमी कुणाच्या तरी लग्नात हुताव. बाजूचा नवरदेव कापून टाकला." मग आवाज उतरवून तो गंगूताईंना म्हणाला, "ज्ञानबा तेवढा रुसून बसलाय बघा. त्याच्या रानात हळद खाणारा जंतू निघाला म्हणून लोकं त्याला चिडवून राहिलेत. पण त्याला बी शाल देऊ, मग उतरंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगूताई ऑटो करून ज्ञानबाच्या रानात गेल्या. हळदीचा कुकर चालू होता. लोखंडी पिंपांतून वाफ सुटत होती, आणि शिजलेल्या हळदीचं पिवळं पाणी चरातून वाहत होतं. ज्ञानबा जाळात लाकूड सारत होता. त्याने मान वर केली.

"या बाई. जंतूला जेवाया काय आणलं?"

"ज्ञानबा, मी चेष्टेला नाही आले."

"मी तरी कुठं चेष्टा करून राहिलो? काल हट्टा गावचा पाव्हणा आला हुता बेणं बघाया. म्हणला, तुझी हळद जंतूनं उष्टी केलेली हाय, दुसरीकडं बघतो. पोरीच्या सोयरिकीवानी मोडून गेला."

"त्यांचं मनावर घिऊ नका," त्याची बायको सिंधूबाई म्हणाली. तिने घमेलं पालथं घालून बाईंना बसायला दिलं. "वाफंनं डोस्कं तापलंय. काहून आलाव एवढ्या उन्हाचं?"

"मी माती घेतली ती जागा कोणती गं?"

"ही काय, चराच्या कडंला. कुकर तवा बी हितंच हुता."

"आणि कुकर नसतो तेव्हा इथे काय असतं?"

सिंधूबाईला प्रश्न कळला नाही, असं तिच्या तोंडावरून वाटलं. इतकी उघड गोष्ट कुणी का विचारावी?

"काय म्हंजी? आमची मेंढरं बसत्यात की. दिवाळीपसून संक्रांतीपतुर. त्यांच्या खुरांनी भुई टणक हुती, मंग त्याच भुईवर कुकर मांडायचा. दरसाल तसंच हाय. तुमाला ठाऊक न्हाई व्हय? तुमीच तर लेंड्या चपलेनं बाजूला सारल्या अन् मग चमचा घातला."

"मी?"

"न्हाई तर कोण? मी म्हणलं, घ्या ते बी, सोन्यासारखं खत हाय. तर म्हणलाव, शिक्षणाच्या कामाला लेंड्या कशाला."

गंगूताई घमेल्यावर बसून राहिल्या. त्यांच्या स्मरणशक्तीला गावात मान होता. एकोणऐंशी सालच्या नववीचे हजेरीक्रमांक त्यांना अजून पाठ होते. त्या दिवसाचं सगळंच त्यांना आठवत होतं. स्टीलचा चमचा, जमिनीवर धरलेली पिवळी खपली, सिंधूबाईच्या हातातल्या नव्या हिरव्या बांगड्या. लेंड्या मात्र आठवत नव्हत्या. आणि आता सिंधूबाईने सांगितल्यावर चप्पल दिसायला लागली होती, लेंड्या बाजूला सारणारी. ती चप्पल खरंच आठवत होती, की ऐकल्यावर मनाने रंगवली होती, हे काही केल्या ठरेना.

घरी येऊन त्यांनी डायरी पुन्हा काढली. 'ज्ञानबाच्या रानातून हळदीची माती घेतली. चांगलं काम झालं.' मेंढ्यांचा शब्द नव्हता. यात खोटं काहीच नव्हतं. तांदूळ निवडताना खडा काढून टाकतो, तसं त्यांनी ते काढून टाकलं होतं. हळद देवाला लागते, लग्नाला लागते. ती हैदराबादला पाठवताना लेंड्यांचं नाव कोण घेईल?

सांगावं की नाही, हे मात्र कळेना. गप्प राहिलं तर कुणाला समजणार नव्हतं. सिंधूबाई काही हैदराबादला जात नव्हती. सांगितलं तर जाईचं सोमवारचं काम अडणार होतं का? तेही त्यांना ठाऊक नव्हतं, आणि खरी अडचण तीच होती. मेंढ्या असल्याने काय बिघडतं, की काहीच बिघडत नाही? कदाचित जाई हसून म्हणेल, एवढंच ना.

त्यांना नववीतली मीना आठवली. तुरटीचे स्फटिक करायचे होते. दोऱ्याला तुरटीचा खडा बांधून मुलींनी आठवडाभर वाट बघितली. मीनाचा स्फटिक वेडावाकडा वाढला, एका बाजूला पोक आल्यासारखा. वहीत मात्र तिने पुस्तकातल्यासारखा आठ बाजूंचा, सुबक काढला. गंगूताईंनी तिला शून्य दिलं. "आहे तसा काढ, पोकासकट," म्हणाल्या. मीना रडत रडत पोक काढत बसली होती. तेव्हा किती सोपं वाटलं होतं ते!

जेवायला बसल्यावर त्यांनी सांगून टाकलं. जाईचा घास हातात राहिला.

"मेंढ्या?"

"मेंढ्या. दरवर्षी तीन महिने."

"आणि तू हे तीन वर्षांनी सांगतेस?"

"मला आज कळलं. म्हणजे ठाऊक असणारच, पण कळलं आज."

"अगं, जंतूचं नाव मी हळदीवरून ठेवलंय! मॅडम तीन देशांत जाऊन बोलून आल्यात त्यावर!" जाई ताटावरून उठली, हात धुतला, आणि लॅपटॉपसमोर जाऊन बसली. खोबणी मोठी करून बघत राहिली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "लोकरीवर मेणासारखा थर असतो. ते मेण तोडणारे जंतू मेंढ्यांच्या बसायच्या जागी असायचेच. तरीच ही खोबणी इतकी लांब आणि तेलकट आहे. हळदीला एवढ्या लांब खोबणीचं काय काम, असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं."

गंगूताईंना हायसं वाटलं. "म्हणजे ते आत बसलंय ते लोकरीचं मेण!"

"छे! ते कसं असेल? एन्झाइम आम्ही प्रयोगशाळेत दुसऱ्याच जंतूकडून करवून घेतलं. तिथे मेंढी कुठली? स्फटिक मी कर्क्युमिनच्या द्रावणात बुडवला होता, म्हणून आतलं ते कर्क्युमिनच, असं धरलं."

गंगूताई पुन्हा होत्या तिथेच आल्या. मेंढ्यांनी काहीतरी बदललं होतं, पण खोबणीत मेंढ्या नव्हत्या. हे काय गणित आहे?

"मग न बुडवलेला स्फटिक कसा दिसतो?" त्यांनी विचारलं. सवयीचा प्रश्न होता. कुठलाही प्रयोग असो, एक परीक्षानळी तशीच ठेवा, हे त्यांनी पोरींना इतकं सांगितलं होतं की त्या झोपेतही म्हणाल्या असत्या.

जाईने लॅपटॉप जवळ ओढला.

"होता एक," ती म्हणाली. "भेगाळलेला होता. चित्र खराब येत होतं. मग बुडवलेला छान मिळाला, तेव्हा तो राहूनच गेला."

"आहे का अजून?"

"स्फटिक नाही. त्याची माहिती आहे."

दुपारभर लॅपटॉप घरघरत राहिला. गंगूताईंनी दोनदा चहा केला, दोनदा तो निवला. चारच्या सुमारास जाईने हाक मारली. या चित्रातली जाळी विटक्या कापडासारखी विरविरीत होती. पण खोबणीत तोच पुंजका होता. एक टोक जाड, पुढे बारीक शेपटी, आणि शेपटीच्या पुढे काही नाही. हळदीचा थेंबही न लागलेल्या स्फटिकात.

"हे काय आहे मग?"

"माहीत नाही."

"लोकर नाही, हळद नाही..."

"आम्हीच थेंबात घातलेलं एखादं रसायन असेल. तेलाचा कण असेल. नुसतं पाणीही असेल, रांगेने उभं राहिलेलं. खरंच माहीत नाही, आत्याआजी."

तिने पहिलं चित्र पुन्हा उघडलं. खोबणीतल्या पिवळ्या आकृतीवर बाण नेला आणि एक बटण दाबलं. दोन कडी, साखळी, उघडा राहिलेला पाय, सगळं गेलं. गंगूताईंना वाटलं होतं, खोबणी आता रिकामी दिसेल. पण निळा पुंजका तिथेच होता.

"जाळी राहिली की!"

"ती दिसलेली आहे ना. ती कशी जाईल?"

मग जाई फोन घेऊन अंगणात गेली. इंग्रजी, हिंदी आणि पुष्कळ वेळा 'यस मॅडम' एवढंच ऐकू येत होतं. तिचा एक हात तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या खुडत होता, खुडून झाल्या तरी थांबत नव्हता. परत आली तेव्हा नाक लाल होतं.

"निबंध सोमवारी जाणार नाही. सहा महिने तरी नाही. कदाचित वर्ष."

"माझ्यामुळे झालं," गंगूताई म्हणाल्या.

जाईने तो छापील कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. गंगूताईंनी लिहिलं, 'मेंढ्या बसवण्याची जागा.' अक्षर त्यांना स्वतःचं वाटेना.

सत्कार थांबवता येण्यासारखा नव्हता. रविवारी मारुतीच्या सभामंडपात फ्लेक्स लागला, खुर्च्या आल्या, रामप्रसादने हळद खाणाऱ्या जंतूवर दहा मिनिटं भाषण केलं. जंतू बघितल्यासारखा तो बोलत होता. मग माइक जाईकडे आला.

"तो जंतू हळद खातो असं मी म्हणत होते," ती म्हणाली. "काल मी पुन्हा तपासलं. आता मला तसं म्हणता येत नाही. तो काय खातो, हे मला अजून माहीत नाही."

रामप्रसाद फ्लेक्सकडे बघत उभा राहिला, जणू वरची अक्षरं आपोआप बदलतील. मग हळूच म्हणाला, "म्हंजी खाईल बी, अन् न्हाई बी?"

"बहुतेक नाहीच."

मागून ज्ञानबा ताडकन उभा राहिला. "ताई, ते जरा माइक तोंडाजवळ धरून परत सांगा. हट्ट्याचा पाव्हणा पार मागं बसलाय."

सगळे हसले. जाईने परत सांगितलं, या खेपेला मोठ्याने. टाळ्या पडल्या, बऱ्याच पडल्या. त्या कशासाठी पडल्या, हे गंगूताईंना विचारावंसं वाटलं, पण विचारायचं कुणाला? शाल ज्ञानबालाही मिळाली. ती त्याने उन्हातही काढली नाही.

सोमवारी सकाळी सिंधूबाई बसथांब्यावर पिशवीभर लोकर घेऊन आली. जाईनेच मागितली होती, न धुतलेली. पिशवीचा वास बसच्या आधी सगळ्यांपर्यंत पोचला.

"एवढ्या लांब न्यायची तर धुऊन दिली असती की," सिंधूबाई कुरकुरली. "लोकं म्हणतील, कुरुंद्याच्या बाया घाणेरड्या."

"धुतली तर माझं काम जाईल, मावशी."

"काय हुडकणार हाव तिच्यात?"

"तेच तर ठाऊक नाही."

"मंग हुडकणार कसं?"

तेवढ्यात नांदेडची बस आली. जाई खिडकीजवळ बसली, लोकर मांडीवर घेतली, आणि शेजारचा माणूस उठून दुसऱ्या बाकावर गेला. गंगूताई खिडकीपाशी गेल्या. दोन दिवस जे विचारायचं राहिलं होतं ते त्यांनी आत्ता विचारलं, सगळ्या थांब्यासमोर.

"रागावलीस का गं?"

जाईने तोंड उघडलं, आणि नेमकी बस सुरू झाली. ती काहीतरी लांबलचक बोलली, हातवारे करून बोलली, एकदा कपाळाला हातही लावला. इंजिनाच्या आवाजात त्यातलं एक अक्षर कळलं नाही. बस वळणावरून दिसेनाशी झाली तरी गंगूताई तिथेच उभ्या होत्या.

"काय म्हणली?" सिंधूबाईने विचारलं.

"कळलं नाही."

"मंग काहून हसून राहिलाव?"

गंगूताईंनी हात गालाला लावून बघितला.

"मी हसतेय?" त्या म्हणाल्या.